ट्रॅक्टरच्या इंजिनाचा श्वासमार्ग : इनटेक मॅनिफोल्डपर्यंतची टप्प्याटप्प्याची सुधारणा

मोटारगाड्यांची शक्ती वाढवण्यासाठी इंजिनाचा हवामार्ग बदलण्याची पद्धत जुनी आहे. प्रथम खुला फिल्टर, नंतर मोठी नळी, त्यानंतर नवे इनटेक मॅनिफोल्ड आणि शेवटी टर्बोचार्जर असा हा क्रम शर्यतीच्या गाड्यांतून सामान्य गाड्यांपर्यंत आला आणि अलीकडे तो ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्येही पोहोचला आहे. ओढ कमी पडते, नांगर लावला की इंजिन दमते, धूर काळा येतो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला "हवा मोकळी करून पंप थोडा वाढवू" असा सल्ला मिळतो. सल्ल्याचा पहिला भाग तत्त्वतः बरोबर असतो. मात्र हवा नेमकी कोठे अडते आहे हे न पाहता केलेला बदल हजारो रुपये खर्ची घालतो आणि काही हंगामांतच इंजिन उघडण्याची वेळ आणतो. म्हणून हवामार्गाची सुधारणा कोणत्या क्रमाने करावी, प्रत्येक टप्प्यावर किती लाभ अपेक्षावा आणि कोठे थांबावे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक लिटर डिझेल, पंधरा हजार लिटर हवा

सुमारे ४० अश्वशक्तीच्या, २.५ लिटर क्षमतेच्या, टर्बोचार्जर नसलेल्या डिझेल इंजिनाचे उदाहरण घेऊ. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा हवा ओढतो. मिनिटाला २००० फेऱ्या असताना आणि सिलिंडर ८५ टक्के भरत असल्यास हे इंजिन तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा घेते. ३५ अंश सेल्सिअस तापमानाला या हवेचे वजन सुमारे १४० किलो भरते. डिझेलच्या पूर्ण ज्वलनासाठी रासायनिक हिशेबाने वजनाच्या साडेचौदा पट हवा पुरते. परंतु डिझेल सिलिंडरमध्ये ऐनवेळी फवारले जात असल्याने ते हवेत पुरते मिसळण्यास अवधी कमी मिळतो. त्यामुळे धूर टाळण्यासाठी प्रत्यक्षात २० पटींच्या आसपास हवा लागते. या हिशेबाने १४० किलो हवेत ७ किलो, म्हणजे सुमारे साडेआठ लिटर डिझेल नीट जळते. एक लिटर डिझेलमागे सुमारे १५ हजार लिटर हवा, असे हे प्रमाण आहे.

यातून दोन निष्कर्ष निघतात. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो, ओढ घटते आणि इंजिन अधिक तापते. याउलट हवा आधीच पुरेशी असेल, तर आणखी हवा दिल्याने शक्ती वाढत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात शक्ती ठरते ती इंधनाच्या मात्रेवर. पेट्रोल कारमध्ये स्थिती वेगळी असते. तेथे थ्रॉटल हवेची मात्रा ठरवते आणि ईसीयू त्या हवेला अनुरूप इंधन देतो. म्हणून हवामार्ग मोकळा केल्याचा परिणाम थेट जाणवू शकतो. कारचा अनुभव ट्रॅक्टरला जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे मूळ कारण हे आहे.

कीटकाच्या श्वासमार्गातून दिसणारे तत्त्व

हवामार्गाची उत्तम रचना कशी असावी, याचे एक जिवंत उदाहरण शेतातच असते. कीटक तोंडाने श्वास घेत नाहीत. त्यांच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात. बहुतेक कीटकांत ती जास्तीत जास्त १० जोड्या आढळतात. अनेक जातींत रंध्राच्या तोंडाशी केसांची जाळी धूळ अडवते, तर त्यामागील झडप गरजेनुसार उघडते व मिटते. आतील श्वासनलिकांच्या भिंतीला सर्पिलाकार कडांचा आधार असतो, त्यामुळे शरीर वाकले तरी नलिका दबून बंद होत नाही. पुढे नलिकांना बारीक फाटे फुटत जातात आणि हवा थेट पेशींपर्यंत पोहोचते. विश्रांतीच्या वेळी एवढी रचना पुरते. पण टोळासारखा मोठा कीटक उडू लागला की पोट आकुंचन-प्रसरण पाववून आणि छातीच्या हालचालीच्या साहाय्याने हवा खेळवतो.

ट्रॅक्टरच्या हवामार्गात हेच घटक त्याच क्रमाने येतात : धूळ अडवणारा एअर क्लीनर, न दबणारी होज, हवा वाटून देणारे मॅनिफोल्ड, झडपा आणि अधिक मागणी असल्यास हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर. या रचनेत गाळणी सर्वांत आधी आहे आणि तिला वगळून पुढचा कोणताही भाग सुधारता येत नाही.

टप्पा १ : मोजणी

कोणताही भाग बदलण्यापूर्वी सध्याची स्थिती नोंदवावी. शक्तीची अचूक मोजणी पीटीओ डायनॅमोमीटरवर होते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांत ट्रॅक्टरच्या मॉडेलनुसार पीटीओ शक्ती व इंधनवापराचे आकडे दिलेले असतात. मूळ क्षमता समजण्यासाठी ते उपयुक्त ठरतात. डायनॅमोमीटर उपलब्ध नसल्यास साधी पद्धतही चालते. एकाच शेतात, एकाच अवजाराने, एकाच गिअरमध्ये आणि एकाच खोलीवर एक एकर काम करावे. कामाआधी टाकी काठोकाठ भरावी, कामानंतर पुन्हा काठोकाठ भरून लागलेले डिझेल मोजावे आणि वेळ नोंदवावी. पुढील प्रत्येक टप्प्यानंतर हीच चाचणी करावी.

ज्या ट्रॅक्टरवर हवेचा अडथळा दाखवणारा निर्देशक असतो, तेथे त्याची खूणही पाहावी. कोरड्या फिल्टरच्या बाबतीत हा निर्देशक सामान्यतः ५० ते ६५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका अडथळा झाल्यावर लाल होतो. खूण लाल नसेल, तर हवामार्ग तुंबलेला असण्याची शक्यता कमी आणि ओढ घटण्याचे कारण अन्यत्र, म्हणजे नोझल, इंधन पंप, व्हॉल्व्ह किंवा झिजलेल्या रिंगांत असण्याची शक्यता अधिक असते. या टप्प्याला खर्च जवळजवळ नाही. मात्र पुढचे अनेक अनावश्यक खर्च येथेच टळतात.

टप्पा २ : गाळणी

उन्हाळी नांगरट, रोटाव्हेटर, मळणी आणि पेंढा कापण्याच्या कामात ट्रॅक्टर धुळीच्या ढगातच चालतो. प्रत्येक घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम धूळ आहे असे गृहीत धरले, तर वर उल्लेखलेले इंजिन तासाला सुमारे ६२ ग्रॅम आणि आठ तासांत अर्धा किलो धूळ ओढते. गाळणीच्या कार्यक्षमतेत अर्ध्या-एक टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु आठ तासांच्या कामाचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

- ९७ टक्के धूळ अडवणारी गाळणी : इंजिनात १५ ग्रॅम
- ९९.५ टक्के धूळ अडवणारी गाळणी : इंजिनात २.५ ग्रॅम
- ९९.९ टक्के धूळ अडवणारी गाळणी : इंजिनात ०.५ ग्रॅम

पहिल्या आणि शेवटच्या गाळणीत फरक तीन टक्क्यांहून कमी, पण आत जाणाऱ्या धुळीत ३० पटींचा आहे. शेतातील धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोस मापनश्रेणीवर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. असे कण पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात शिरले की दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. साठवणीच्या धान्यात सिलिकायुक्त निष्क्रिय भुकटी मिसळली असता ती कीटकाच्या अंगावरील मेणाचा थर शोषून व खरवडून काढते आणि कीटक शुष्क होऊन मरतो. इंजिनात मेणाच्या जागी तेलाचा थर असतो एवढाच फरक. नुकसानीची रीत बरीचशी तीच आहे.

म्हणून कारसाठी विकला जाणारा शंकूच्या आकाराचा खुला फिल्टर ट्रॅक्टरला बसवू नये. त्यातून हवा सहज जात असली, तरी तो शेतातील धुळीसाठी योजलेला नसतो. शिवाय तो बॉनेटच्या आत बसवल्यास गरम हवा ओढतो. ओढलेली हवा ३५ अंशांऐवजी ६५ अंशांची असेल, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. अडथळा कमी करून मिळवलेला लाभ येथेच गमावला जातो.

या टप्प्यात करावयाची कामे अशी :

१. ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये तेल खुणेपर्यंतच आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. तेल कमी असल्यास धूळ आत जाते. जास्त असल्यास तेल इंजिनात ओढले जाते आणि इंजिन ताब्याबाहेर धावण्याचा धोका संभवतो. धुळीच्या दिवसांत वाटी रोज तपासावी.

२. ऑइल बाथची कार्यक्षमता साधारणतः ९५ ते ९८ टक्के असते आणि इंजिन मंद चालताना ती आणखी घटते. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी कोरड्या, दोन घटकांच्या फिल्टरचा संच दिला असल्यास तो बसवणे ही या संपूर्ण मार्गातील सर्वांत किफायतशीर सुधारणा ठरू शकते.

३. कोरडा फिल्टर वारंवार साफ करू नये. कागदावर धुळीचा पातळ थर बसल्यानंतर त्याची गाळण्याची क्षमता वाढते. निर्देशक लाल झाल्यावरच, आतून बाहेरच्या दिशेने, सुमारे ३० पीएसआयपेक्षा अधिक दाब न देता हवा मारावी. फिल्टर टायरवर आपटल्यास कागद फाटतो व बूड वाकते. साफसफाईनंतर आत दिवा धरून छिद्रे तपासावीत. आतील सुरक्षा-घटक साफ न करता बदलावा.

४. भुसा व काडीकचऱ्याच्या कामात प्री-क्लीनर आणि त्याची जाळी रोज मोकळी करावी.

टप्पा ३ : गाळणीनंतरची गळती आणि अडथळा

गाळणी उत्तम असूनही तिच्यानंतरच्या होजला चीर असेल, तर इंजिन त्या चिरेतून न गाळलेली हवा ओढते. इंजिनाची अकाली झीज अनेकदा येथून सुरू होते. तपासणीची रीत सोपी आहे. फिल्टरनंतरची नळी सोडून आतून पांढऱ्या कापडाने पुसावी. कापडावर धूळ आली, तर फिल्टर, त्याचे सील किंवा होज यांपैकी काहीतरी निकामी आहे. जोडाजवळ धुळीची बारीक रेघ दिसणे हीदेखील गळतीची खूण होय.

होज मऊ पडली असल्यास इंजिन पूर्ण भारावर असताना ती आतल्या आत दबते. व्यासातील अल्प घटही महाग पडते : नळीचा आतील व्यास १० टक्क्यांनी कमी झाला, तर हवेचा वेग सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो आणि दाबातील घट जवळजवळ दीडपट होते. बदली होज घेताना तारेचा वेढा असलेली किंवा कंपनीची मूळ जाड होज घ्यावी. कीटकाच्या श्वासनलिकेला सर्पिल कडा ज्या कारणासाठी असतात, त्याच कारणासाठी होजला तारेचा वेढा असतो. क्लॅम्पही त्याच वेळी बदलावेत.

दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या यंत्रात आणखी एक अडथळा संभवतो. कुंभारीण माश्या आडोशाच्या जागी मातीची घरटी बांधतात. पानकापी माश्या आणि काही एकट्याने राहणाऱ्या गांधीलमाश्या अरुंद नळ्यांत घर करून त्यांची तोंडे पानांच्या चकत्यांनी, गवताने अथवा मातीने बंद करतात. मळणी यंत्राचे इंजिन, पंपसंच किंवा हंगामापुरता चालणारा ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला, की त्याच्या उघड्या नळ्या या कीटकांना आयत्या मिळतात. यंत्र उभे करताना हवेच्या नळीचे तोंड कापडाने बांधावे आणि सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने सोडावे. टाकीच्या झाकणातील श्वासछिद्र व एअर क्लीनरची धूळ-झडपही तपासावी. यातील बहुतेक माश्या परागीभवन करतात किंवा अळ्या व कोळ्यांची शिकार करतात. त्यांच्यावर कीटकनाशक फवारण्याचे कारण नाही, नळी झाकणे पुरेसे असते.

टप्पा ४ : इनटेक मॅनिफोल्ड

येथपर्यंतची कामे झाल्यावरच मॅनिफोल्डकडे वळावे. मॅनिफोल्ड हवा वाटून प्रत्येक सिलिंडरला देते. कारमध्ये त्याच्या नळ्यांची म्हणजे रनरची लांबी फार महत्त्वाची असते. झडप बंद होताना हवेचा प्रवाह थबकतो आणि दाबाची लाट नळीतून मागे जाते. ती परत येण्याची वेळ पुढच्या वेळी झडप उघडी असण्याच्या वेळेशी जुळली, तर सिलिंडरमध्ये अधिक हवा भरते. लांब नळी कमी वेगाला आणि आखूड नळी अधिक वेगाला अनुकूल असते. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या १९६० सालच्या ३००एफ या गाडीत सुमारे ७६ सेंटिमीटर लांबीचे रनर याच तत्त्वावर बसवले होते आणि तिचे सर्वाधिक टॉर्क २८०० फेऱ्यांना मिळत असे. तिच्याच अधिक शक्तीच्या आवृत्तीत बाहेरून लांबी तीच ठेवून आतील विभाजक भिंतीचा भाग काढून टाकण्यात आला, जेणेकरून प्रभावी लांबी निम्मी होऊन इंजिन वरच्या वेगाला अधिक भरेल.

ट्रॅक्टरचे जड काम बहुधा १४०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान चालते. वेग निम्मा झाला की त्याच परिणामासाठी लांबी साधारणतः दुप्पट लागते. म्हणजे १४०० फेऱ्यांसाठी दीड मीटरच्या आसपास लांबीचे रनर हवेत. बॉनेटखाली एवढी जागा नसते. आखूड व रुंद नळ्यांचे दिखाऊ मॅनिफोल्ड तर कारमध्येही वरच्या वेगालाच उपयोगी पडते. ट्रॅक्टर त्या वेगापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे ट्रॅक्टरचे मॅनिफोल्ड बदलण्यापेक्षा आहे तेच नीट करणे शहाणपणाचे ठरते.

त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवून आतील काजळी व तेलाचा चिकट थर काढावा. ज्या नव्या इंजिनांत धुराचा काही भाग पुन्हा हवेत मिसळण्याची ईजीआर व्यवस्था असते, तेथे हा थर विशेष जमतो. गॅस्केटचा कागद मार्गात पुढे आलेला असल्यास तो अचूक मापाचा बसवावा. मॅनिफोल्ड आणि हेड यांची भोके जेथे जुळतात, तेथे पायरी राहिली असल्यास जाणकार मिस्त्रीकडून ती घासून समतल करावी. मात्र भोके मोठी करू नयेत. आतील पृष्ठभाग आरशासारखा चमकवण्याने मोजण्याजोगा लाभ होत नाही. बसवण्यापूर्वी घासलेल्या धातूचा कणही आत राहता कामा नये आणि बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने व टॉर्कनेच आवळावेत. या टप्प्यातून नवी शक्ती निर्माण होत नाही, तर वयोमानाने हरवलेली शक्ती परत मिळते.

टप्पा ५ : टर्बोचार्जर आणि थांबण्याची जागा

मूळ क्षमतेपेक्षा अधिक शक्ती हवी असल्यास हवा दाबून भरावी लागते. ३५ अंशांची हवा टर्बोचार्जरने दीडपट दाबली, तर ती तापून ९० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे घनता दीडपट न होता सुमारे २८ टक्क्यांनीच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड केल्यास वाढ सुमारे ४३ टक्के होते. हिमालयातील २००० मीटर उंचीच्या शेतांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी कमी असते. तेथे टर्बोचार्जरचे महत्त्व विशेष जाणवते.

परंतु टर्बोयुक्त इंजिन कारखान्यातच वेगळे घडवलेले असते. त्याचे पिस्टन, त्यांना थंड ठेवणारी तेलाची फवारणी, रेडिएटर आणि इंधन पंप अधिक भारासाठी योजलेले असतात. साध्या इंजिनावर बाहेरून टर्बोचार्जर बसवणे आणि त्यासोबत पंपाचे सील तोडून डिझेल वाढवणे म्हणजे क्लच, गिअरबॉक्स व मागील धुरा यांच्यावरही मूळ आराखड्याबाहेरचा भार टाकणे होय. हवा न वाढवता केवळ पंप वाढवणे त्याहून वाईट. त्यातून काळा धूर, अधिक खर्च आणि तापलेले पिस्टन एवढेच हाती येते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, ठरावीक अपवाद व परवानगी वगळता, उत्पादकाने नमूद केलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारे बदल वाहनमालकाला करता येत नाहीत. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज ४ ही उत्सर्जन मानके लागू झाली; अशा इंजिनांत हवा, इंधन व ईजीआर यांचे नियंत्रण परस्परांशी जोडलेले असल्याने एका भागातील फेरफार संपूर्ण व्यवस्था बिघडवतो. हमीचा प्रश्न वेगळाच. म्हणून कामाची गरज खरोखर वाढली असेल, तर जुन्या इंजिनावर शक्ती लादण्याऐवजी अवजाराची रुंदी कमी करणे, योग्य गिअर निवडणे किंवा मोठ्या शक्तीचा ट्रॅक्टर भाड्याने घेणे अधिक हितकारक ठरते.

सारांश

हवामार्गाची सुधारणा तोंडाकडून आत करत जावी : आधी मोजणी, मग गाळणी, मग होज व जोड, त्यानंतर मॅनिफोल्डची स्वच्छता आणि जुळणी. प्रत्येक टप्प्यानंतर तीच एकराची चाचणी पुन्हा करावी व अपेक्षित ओढ परत मिळताच थांबावे. पुष्कळ ट्रॅक्टरच्या बाबतीत हे थांबणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यावरच येते. अधिक हवेच्या मोहात गाळणी सैल केली, तर त्या हंगामात मिळालेली थोडी ओढ पुढील हंगामात रिंग आणि लायनरच्या खर्चाने फेडावी लागते. उन्हाळी नांगरटीला निघण्यापूर्वी फिल्टरनंतरच्या नळीत एक पांढरे कापड फिरवून पाहणे, ही या साऱ्या सुधारणेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक सुरुवात होय.